पॅलेटची उंची

लेस्टरच्या एका मालवाहतूक कंपनीत अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळालेली माझी काही महिन्यांची प्लेसमेंट संपत आली होती. घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. मुदत वाढली नाही तर आईबाबांना काय सांगायचं, ही धास्ती होती. तेवढ्यात कंपनीने नियम बदलायचं ठरवलं. भाडं ज्यावरून ठरतं तो मालाचा वर्ग यापुढे तो कसला आहे यावरून नाही, तर त्याचं वजन आणि तो लॉरीत किती जागा अडवतो यावरून ठरणार होता. नेहमीच्या ग्राहकांचा माल मोजून तक्ता करायचं काम मला मिळालं. दोन आठवडे मी खोकी मिलिमीटरपर्यंत मोजली.

फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या काकांनी तक्ता पाहिला.

"खोकी ज्यावर रचतात ते खालचं लाकडी पॅलेट कुठे धरलंयस?"

"ते... माल नाही ना, काका."

"मग काय, तुझा माल तरंगत जाणार?"

टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं आणि तीन दिवसांत आम्ही सगळं पुन्हा मोजलं. मॅनेजरनी माझ्या बारकाईचं कौतुक केलं. काकांचं नाव मी घेतलं, पण बहुधा पुरेशा मोठ्याने नाही.

मुदत वाढली. पहिलं काम मिळालं ते फोर्कलिफ्टवाल्यांना मोजमाप शिकवण्याचं. काका वही घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.