हवा पाजलेली लाल गाडी

‘मावशी, तुझ्या गाडीत नाही, त्या लाल गाडीत बसायचंय,’ रेवाने फोनवर बजावलं. माझी जागोजागी पोचे आलेली गाडी घेऊन मी अर्धा महाराष्ट्र पालथा घातलाय, पण नऊ वर्षांच्या भाचीपुढे तिची किंमत शून्य.

रेवाला रक्ताचा कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत. कार्ल्याजवळच्या एका खासगी रेसिंग ट्रॅकवर आमच्या ओळखीतले काही गाडीवेडे आजारी मुलांना आपापल्या गाड्यांतून फिरवतात. त्यांनी पाठवलेल्या फोटोतली लाल, दोन दारांची गाडी तिने हेरून ठेवली होती. सोमवारी पुढचा डोस. डॉक्टरांनी रविवार तेवढा मोकळा दिला, तोही गर्दी टाळायच्या अटीवर. माझी धाकटी बहीण वैशू, म्हणजे रेवाची आई, शनिवारपर्यंत नुसतं ‘बघू’ म्हणत होती.

सकाळी लवकर पुणं सोडलं. लहान मूल बरोबर असेल तर एक्स्प्रेसवेच्या नादी लागू नका, जुना हायवे धरा. हवं तिथे थांबता येतं आणि टोलचा मनस्तापही कमी. कामशेतला मी मिसळ हाणली. झणझणीत होती आणि पुण्यापेक्षा स्वस्त. मायलेकी गाडीतच बसल्या. रेवाला बाहेरचं चालत नाही. घरच्या मऊ खिचडीचा डबा होता, पण औषधांमुळे हल्ली तिला कसलाच वास सोसत नव्हता, जेवणाचासुद्धा. मी परत आले तर वैशूने काच वर करून घेतलेली. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता.

कार्ल्याला हायवे सोडला की रस्ता अरुंद होतो. भात काढून झालेली खाचरं दोन्ही बाजूंना, मध्येच एखादी म्हैस रस्त्याच्या मधोमध. ट्रॅकच्या कुंपणापाशी एका आबांची चहाची टपरी आहे, तीच खूण.

लाल गाडीचे मालक इम्तियाजभाई. तळेगावात त्यांचं गॅरेज आहे. रेवाला बघताच त्यांनी लवून दार उघडलं. ‘या राणीसरकार! रात्रभर घासलीय तुमच्यासाठी.’

खरंच, गाडी नव्या नवरीसारखी सजलेली. नवी सीट कव्हरं, चकचकीत पॉलिश केलेला डॅशबोर्ड आणि आरशाला मोगऱ्याच्या परफ्यूमची बाटली. रेवा ऐटीत बसली, दार लागलं आणि पुढच्याच क्षणी तिने तोंडावर हात धरला. कशीबशी बाहेर आली आणि गवतावर ओकली.

दुसरी गाडी पाहिली, तिच्यात लिंबू. तिसरीत चंदन. या मंडळींची रीतच अशी, पाहुणे येणार म्हटलं की गाडीला आधी न्हाऊमाखू घालायचं. एवढ्या प्रेमाने केलेलं, त्यांना बोलणार तरी काय! रेवा दारातूनच मान हलवून मागे फिरली.

‘ताई, बास झालं. घरी जाऊ,’ वैशू म्हणाली.

मला तोंड वर करवेना. हा उपद्व्याप माझाच होता. रेवा रडली असती तरी बरं वाटलं असतं. ती गुपचूप माझ्या गाडीत जाऊन बसली आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

इम्तियाजभाईंचा चेहरा पार उतरला. मग एकदम त्यांनी बाह्या सरसावल्या. मोगरा गेला, कव्हरं गेली, पायाखालचं कार्पेटही निघालं. बाकीचे साधं पाणी आणि फडकी घेऊन धावले. तरी वास हटेना, तेव्हा त्यांनी सगळ्या काचा उतरवल्या आणि रिकामी गाडी ट्रॅकवर पिटाळली.

टपरीवाले आबा कुंपणाशी आले. ‘काय चाललंय ह्ये? गाडीला हवा पाजताय व्हय?’

‘व्हय आबा! अत्तर लय झालंय, उतरवतोय!’ इम्तियाजभाई जाता जाता ओरडले.

टोपी जरा वर झाली. फेरी संपवून गाडी आमच्याशेजारी थांबली. रेवाने उतरून खिडकीत नाक घातलं. ‘अजून येतोय.’

गाडी पुन्हा सुसाट. पुन्हा नाक. ‘बहुतेक गेला.’

‘बहुतेक चालणार न्हाई, सरकार. नक्की सांगा,’ असं म्हणून इम्तियाजभाई पुन्हा पळाले. आता रेवा खुदखुदत होती.

‘गेला!’

उघड्याबोडक्या गाडीत, टोपीवर हेल्मेट चढवून राणीसरकार बसल्या. पहिली फेरी बैलगाडीच्या चालीने झाली. दुसऱ्या फेरीला लांबच्या वळणावरून किंकाळी आली. वैशूने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मग शब्द कळले, ‘अजून जोरात!’

उतरल्या उतरल्या रेवाने विचारलं, ‘आई, डबा कुठंय?’

अर्धा डबा खिचडी खाल्ली पोरीने! वैशू तोंड फिरवून रडली. मीही रडले, लपवत नाही. आबांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

तुम्ही कधी अशा कामासाठी गाडी घेऊन गेलात तर ती साध्या पाण्याने पुसा, एवढंच सांगेन.

पुढे लोणावळ्यापर्यंत गेलो. सोमवारचं नाव काढलं की गप्प होणारी वैशू स्वतःहून दुकानात शिरली आणि वॉर्डातल्या सिस्टरांसाठी चिक्की घेऊन आली. परतताना वडगावला तिने रेवाचा ताप पाहिला. ताप नव्हता. देहूरोड यायच्या आत मागच्या सीटवर दोघी गाढ झोपल्या.

आजार जिथल्या तिथे आहे, सोमवारही चुकणार नव्हता. पण कित्येक आठवडे धड न झोपलेली माझी बहीण तोंड उघडं टाकून घोरत होती आणि तिच्या मांडीवर रेवा.

वैशूच्या सोसायटीशी पोचलो, तरी दोघी झोपेतच. वॉचमनने फाटक उघडलं. मी हातानेच ‘नको’ म्हटलं, काच थोडी खाली केली आणि गाडी हळूच पुढे काढली. सोसायटीभोवतीचा रस्ता गोल आहे. मी आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक.