छत्रीभोवतीची शेवरी

आमचं गाव तापीकाठी, शिरपूर आणि चोपड्याच्या मधलं. सगळीकडे केळीचे मळे. ऐंशीच्या दशकात ग्रामपंचायतीच्या मागच्या अंगणात सरकारने एक भली मोठी छत्री उभी केली. कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली तारेची जाळी, तोंड आभाळाकडे. देशाच्या उपग्रहाकडून येणारं चित्र ती थेट झेलायची आणि चावडीतल्या टीव्हीवर दाखवायची.

टीव्हीच्या कपाटाची किल्ली आबांकडे असे. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. गाव सोडून ते फारसे कुठे गेले नव्हते. त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या चावडीत बसून, आणि नंतर कितीतरी दिवस ते समुद्राबद्दलच बोलत होते.

केळी लावली की मळ्याच्या कडेने शेवरीची झपाट्याने उंच होणारी झुडपं लावायची, ही आमच्याकडची रीत. उन्हाळ्यातलं वारं केळीची पानं फाडतं, झाडं पाडतं. दाट शेवरी ते अंगावर घेते. आबांनी छत्री पाहिली आणि तिलाही वारं लागेल म्हणून भोवती चारी बाजूंनी शेवरी लावून टाकली. पंचायतीच्या नळाचं पाणी तिकडेच वाहायचं, त्यामुळे ती चांगली तरारली. गावाने आबांचं कौतुक केलं. मीही केलं.

मी तेव्हा धुळ्याला बी.एस्सी. करत होते. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. वर्गात बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले व्हायचे. सरांनी प्रत्येकाला एकेका विषयावर बोलायला लावलं आणि माझ्या वाट्याला आपले दळणवळण उपग्रह आले. वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळून मी कशीबशी बोलले. दिवाळीत घरी आले तर आबांनी तेच चावडीत सांगायला लावलं.

मी सांगितलं, की टीव्ही दाखवणारा आपला पहिला उपग्रह परक्या देशाच्या रॉकेटवरून वर गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. दुसऱ्याची सौरपाती उघडता उघडेना, पण जमिनीवरून खटपट करून ती उघडली, आणि तोच इतकी वर्षं काम करतो आहे. तिसरा वर पोचला, पण अर्ध्या ताकदीचाच राहिला. बायका हळहळल्या. कुणाच्या घरचं पोर आजारी असावं तशी चौकशी झाली.

उन्हाळ्याच्या सुटीत बसमधून उतरले, तर पानाच्या टपरीवरून एका काकांनी हाक मारली, "काय व माय, तुना उपग्रह मरी गया का?"

सगळे हसले. मला कळेना. घरी कळलं, की दोन महिने संध्याकाळी टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. मी सांगितलेलं गावाच्या चांगलं लक्षात होतं, त्यामुळे दोष थेट आभाळाला गेला होता.

आबा मात्र हसत नव्हते. तालुक्याचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा भर दुपारी, आणि दोन्ही वेळा चित्र स्वच्छ. त्याने वर कळवलं, की सेट चांगला आहे, गावच तो लावत नाही. आता सोमवारी जीप येणार होती, सेट आणि छत्री दुसऱ्या गावाला न्यायला.

"बठ्ठा म्हंतस, जाऊ द्या," आबांनी सगळ्या गावाचं म्हणणं सांगितलं. "मी कसं जाऊ देऊ, माय?"

दुपारी कॉलेजच्या मुलांसाठी एक इंग्रजी कार्यक्रम लागायचा. माझ्यासाठी आबांनी कपाट उघडलं. मला अर्धं समजत होतं, आबांना काहीच नाही, तरी ते मान डोलवत होते. चित्र छान होतं. मग एकदम मुंग्या. मग परत चित्र. मी खिडकीबाहेर पाहिलं. वारं सुटलं की चित्र यायचं, पडलं की जायचं.

आबांचं म्हणणं अगदी उलटं होतं, वाऱ्यानेच छत्री बिघडली. मी मागे गेले आणि छत्रीपाशी वाकून, ती पाहते तिकडे पाहिलं. उपग्रह दक्षिणेला, विषुववृत्तावर एकाच जागी दिसतो, एवढं मी वर्गात घडाघडा म्हटलं होतं. इथे दक्षिणेला हिरवीगार शेवरी होती, उन्हाळ्यापर्यंत छत्रीच्या डोक्यावर गेलेली. वाऱ्याने ती लवली की आभाळ दिसायचं. संध्याकाळी वारं पडायचं आणि ती पुन्हा ताठ उभी.

मी आत आले आणि पुन्हा खिडकीतून शेवरीकडे पाहिलं.

"काय व्हयनं? सांग ना."

"आबा, ती शेवरी... मला वाटतं... फक्त त्या एका बाजूची."

आबा खिडकीशी आले. "मना हातनी शेवरी शे ती," म्हणाले. आणि मग, "म्हंजे छत्रीना डोयासमोर मीच पडदा लाया?"

"छत्रीला वाऱ्याची भीती नाही, आबा. जाळी आहे ना, वारं आरपार जातं."

संध्याकाळी वारं पडल्यावर आम्ही परीक्षा घेतली. माझ्या दोन काकूंनी दक्षिणेकडची शेवरी दोरीने खाली ओढून धरली. चित्र आलं तशी चावडीतून पोरं ओरडली, "उनं! उनं!" काकूंनी गंमत म्हणून दोर सैल सोडला. "गयं!" पुन्हा ओढला. "उनं!" दोघी इतक्या हसल्या, की दोर हातातून सुटला.

"इळा लई ये," आबा मला म्हणाले. मी विळा आणून दिला; मी एकच बाजू म्हटली होती, पण चारी बाजूंची शेवरी त्यांनी स्वतःच कापली. गल्लीतल्या शेळ्यांची चंगळ झाली.

सोमवारी जीप आली. आबांनी जीपमधून आलेल्या साहेबांना केळी खायला घालून संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. वारं पडलं, बातम्या लागल्या, एकही मुंगी नाही.

"मग इतके दिवस बंद का होता?" साहेबांनी विचारलं.

"डोयावर पदर व्हता, साहेब," आबा म्हणाले. "मीच काढी टाका."

जीप रिकामी परत गेली. म्हणजे, केळीचा एक घड घेऊन गेली.

पुढे आपल्याच देशात बांधलेले उपग्रह वर गेले, घरोघर टीव्ही आले. पण ते नंतरचं. त्या वर्षी पाऊस पडल्यावर मी धुळ्याला निघाले, तेव्हा आबा छत्रीपाशी ओणवे होऊन पुन्हा शेवरी पेरत होते. मी धावत गेले.

"घाबरू नको," ते वर न बघताच म्हणाले. "उत्तर बाजूले शे. पाठमांगे कोनीतरी पाहिजे ना तिले."