शिरपूरवालीचे कान

पापड लाटतानाही शिरपूरवालीचे कान मोकळे असायचे. हात पोळपाटावर, डोळे लाटीवर, आणि मध्येच मान तिरपी करून म्हणायची, थांबा, हे ऐका. तिचं नाव गल्लीत कोणी घेत नसे. माहेर शिरपूरचं, म्हणून शिरपूरवाली. पारोळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

हळदीची गाणी शोधताना तिला फोनवर एक बँड सापडला. मुलं सातपुड्याकडचीच, पण वाजवायची रेगे नावाचं परदेशी संगीत, आणि त्यात आपली फुंकायची पावरी आणि ढोल मिसळलेले. गिटार ठेक्यावर न पडता मागून पडायची. आम्ही बायका हसलो. ती मात्र त्याच चालीवर लाटू लागली आणि तिचा पापड माझ्यापेक्षा पातळ झाला. मला आधी राग आला तो त्या पापडाचा.

गाणं संपलं की ती एकेकीला विचारायची, कसं वाटलं. मी इतरजणी काय म्हणतात ते बघून मान हलवायचे. तिने ते ओळखलं. "लोकस्नं जाऊ दे. तुना कानले कसं लागस ते सांग."

असं मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. तिला मात्र लगेच कळायचं, हे आवडलं, हे गोड आहे पण खोटं. शाळा तिचीही माझ्यासारखी चौथीच. मग ही आवड तिने आणली कुठून?

मी दार लावून तोच बँड ऐकू लागले. गाण्यांची नावं इंग्रजीत, ती वाचता येत नाहीत, म्हणून फोनवरच्या चित्रांवरून गाणी ओळखायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरी पापड होते. धुळ्याची नणंद आली होती. मी फोनवर लावलेली त्या बँडची गाणी तिला फार आवडली, कोणी शोधली म्हणून तिने विचारलं.

"मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

शिरपूरवाली समोरच लाटत होती. बाकीच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. तिने लाटणं थांबवलं नाही.

"हां," ती माझ्याकडे मान करून म्हणाली. "माले बी इनीच ऐकाडं."

त्या दिवशी वाटला तेवढा तिचा हेवा मला कधी वाटला नाही.

आता ती मुलाकडे सुरतेला असते. गेल्या महिन्यात त्याच बँडचं एक गाणं मला सापडलं. चित्रात नुसती सायकल. ढोल नाही, बराच वेळ एकटी पावरी, मग हळूच गिटार. कोणाकडे न बघता ते मला आवडलं.

परवा तिचा फोन आला. नवीन काही ऐकलंस का, विचारत होती. मी नाही म्हणाले. सांगितलं असतं तर ती मनापासून खूश झाली असती. तेवढंही मला अजून तिला द्यायचं नाही.