डोक्यावर दार घेऊन आलेली मावशी

पदर कमरेला खोचून ती समोरच्याला विचारायची, "काहून नाही?" तिने असं विचारलं, की आम्ही बायका कामातून मान वर करायचो. आता काहीतरी होणार!

सत्तर सालाच्या आगेमागे नागपूरच्या एका कापड मिलमध्ये सूत कांड्यांवर भरायच्या कामाला मी लागले. सगळी मिल जिला मावशी म्हणायची, तिनेच मला काम शिकवलं. पहिल्याच दिवशी बजावलं, "पाणी पेऊ नको वं. सुट्टीपर्यंत कळ काढा लागते."

बायकांच्या संडासाला दार नव्हतं. पोत्याचा पडदा, तोही वाऱ्याने उडायचा, आणि समोरून कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हमालांची ये-जा. म्हणून पाळीभर रुईच्या धुळीत आम्ही कोरड्या घशाने उभ्या.

त्या उन्हाळ्यात आमच्यातली एक पोटुशी बाई यंत्रापाशीच कोसळली. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिला सावलीत निजवून मावशी तडक साहेबांकडे गेली.

"साहेब, दार काहून नाही?"

"मंजुरी येऊ दे, बाई."

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळी ती आली, ती डोक्यावर दार घेऊन. स्वतःच्या घराचं! नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. दार बिजागऱ्यांसकट उखडून आणलेलं. फाटकावर चौकीदाराने अडवलं.

"हे काय आणून राहिली?"

"दार. पह्यले हे आत जाईन, मंग मी."

भिंतीला दार टेकवून ती तिथेच बसली. मी तिच्याजवळ बसले. खोटं कशाला सांगू, मनात एकच होतं: नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू? पण एकेक करत सगळ्याच बसल्या. दुपारपर्यंत आतल्या कांड्या संपल्या, माग थांबले. मग साहेबांनी मिलचा सुतार धाडला; त्याने दार आत नेऊन संडासाला बसवलं.

"आता घरी काय करशीन, मावशी?" एकीने विचारलं.

"लावीन चादर. माह्या घरी चोराले काय भेटते?"

त्या दुपारी आम्ही माठ रिकामा केला.

चार-पाच वर्षांनी रुईने तिची छाती धरली. खोकत खोकत कामावर यायची. एका सकाळी दवाखान्यातच ती गेली.

आमच्याकडे बायका स्मशानघाटावर जात नाहीत. त्या दिवशी पाळी सोडून आम्ही अठरा जणी तिरडीमागे निघालो, केसांत कापूस तसाच. वाटेत एक म्हातारा म्हणाला, "बाया हो, परता आता."

कोणीच परतलं नाही.