जिवंत बहिणीसाठी उदबत्ती

हिरोशिमात नवी घरं उभी राहिली तशी लोकांची नजर नाजूक झाली. बाँबनंतरची पहिली दोन-तीन वर्षं सगळेच होरपळलेले, सगळेच उघड्यावर. तेव्हा इकुनो कुरोसेकडे कुणी वळून पाहत नव्हतं. मग ट्रामच्या रुळांलगत काचा लावलेली दुकानं आली, आणि सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण तिला म्हणाली, "तू आपली सगळ्यांच्या शेवटी येत जा गं. बायका कुरकुरतात."

बाँब पडला त्या ऑगस्टमध्ये इकुनो अठरा वर्षांची होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या सरकारी कामावर धाडलेल्या मुलींत तीही होती. डावा गाल, मान, खांदा भाजला. वर जाड, लाल, चकचकीत कातडी धरली. बाप त्याच दिवशी गेला. धाकटी सेत्सु शाळेबरोबर डोंगरातल्या खेड्यात होती, तिला ओरखडाही आला नाही. पुढे सात वर्षं इकुनोने किमोनो शिवून आईचं आणि सेत्सुचं पोट भरलं. शिवण इतकी सुबक की गिऱ्हाइकं लांबून येत. फक्त कपडा पोचवायला आईने यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

सेत्सुला एकोणिसावं लागलं आणि लग्नं जुळवणाऱ्या मुराशिगेबाईंनी ओकायामाचं स्थळ आणलं.

"मुलगा रेल्वेत कारकून. पण त्याच्या आईची एक अट आहे. घरात त्या दिवशीचं भाजलेलं कुणी नको." चहावर फुंकर घालत त्या पुढे म्हणाल्या, "मी सांगून टाकलं, मोठी होती, बापाबरोबरच गेली बिचारी. आता मला तोंडघशी पाडू नका म्हणजे झालं."

इकुनो शेजारीच टाके घालत होती. बाई गेल्यावर आई तिच्यासमोर येऊन बसली.

"एका दिवसाचा प्रश्न आहे, बाळ."

"मेलेलं माणूस दुसऱ्या दिवशी उठून बसतं का?"

"मग काय दोघींना घरात ठेवू? तुझं तर आता काही व्हायचं नाही."

इकुनोने सेत्सुकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

"मला इथून सुटायचंय, ताई." सेत्सु नखं कुरतडत होती. "तुझ्याबरोबर रस्त्याने चालायची लाज वाटते मला. आजची नाही, किती वर्षांची."

इकुनोने मान डोलावली. लग्नाचा किमोनोही तिनेच शिवला. शेजाऱ्यांनी तोंडं मिटली. त्यांच्याही घरांत उजवायच्या मुली होत्या.

पाहुणे आले त्या दुपारी इकुनो गाद्यांच्या कपाटात बसली होती. आईने तिचा शाळेतला फोटो पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवला होता. मुलाची आई, इनुईबाई, मनाने मायाळू. तिने उदबत्ती लावली, घंटी वाजवली, हात जोडले.

"किती देखणी हो पोर. पण सुटली म्हणायची. आमच्या ओळखीत एक आहे तसली, तोंडाकडे बघवत नाही. असं जगून घरच्यांना काय सुख?"

"खरंय," आई म्हणाली.

इनुईबाईचं बोलणं इकुनोने सोडून दिलं असतं. आईचा तो एक शब्द मात्र सोडवेना. गादीचं टोक दातांत धरून ती बसून राहिली.

लग्न झालं. चार वर्षांनी आईला पोटाचा कॅन्सर झाला. इकुनोने तिचं हगणंमुतणं काढलं, भाताची पेज चमच्याने भरवली. शेवटी शेवटी आई एवढंच म्हणाली, "सेत्सु आली की तू काही बोलू नकोस हं."

आई गेल्यावर सेत्सु नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली. इकुनोकडे बोट करून तिने सांगितलं, "या शेजारच्या. शिवणकाम करतात." मग कमरेत वाकून ती म्हणाली, "आईची फार सेवा केलीत तुम्ही."

"स्वतःची अशी दशा असून," इनुईबाई हळहळली.

दहनानंतर हाडं वेचायला घरचीच माणसं आत जातात. ती तिघं गेली. इकुनो बाहेर बाकावर बसली. बऱ्याच वेळाने सेत्सु पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी पोटाशी धरून बाहेर आली.

इकुनो उठली. "यांना कुठे ठेवणार?"

"आमच्याकडे, ओकायामाला," सेत्सु म्हणाली. सासू मागेच उभी होती. "इथे तिचं कोण आहे?"

इकुनोने बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.