माझं भांडण एकाच माणसाशी आहे

मला तो माणूस आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजायला नको. माझ्या घरामागे चुलतभावाच्या गाळ्यात त्याचा भंगाराचा धंदा आहे. दिवसभर तो जुन्या वायरींची भेंडोळी गोळा करतो आणि दिवेलागणीला आतलं तांबं काढायला ती पेटवून देतो. वरचं प्लॅस्टिक जळतं आणि त्याचा काळा, चिकट धूर सरळ माझ्या आईच्या खोलीत येतो. आई ऐंशीच्या पुढची, दम्याची. धूर आला की तिची छाती वाजायला लागते आणि मी वाफेचं मशीन लावून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसते.

सांगायला गेलं की तो हसतो. "मैंने नहीं जलाया, आंटी." मागे जाळ दिसत असतो, हातात तो ढवळायची काठी असते, आणि हा म्हणतो मी नाही. एकदा मी पाण्याची बादली नेऊन त्या जाळावर ओतली. दुसऱ्या दिवशी त्याने आपला टेम्पो माझ्या फाटकासमोर आडवा लावला तो संध्याकाळपर्यंत हलवला नाही. डॉक्टरांना घरी बोलावलं होतं, त्यांना शेजारच्या केळीच्या वाडीतून चिखल तुडवत यावं लागलं. मी फाटकात उभी राहून त्याला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

तर हा राग माझा आहे. फुकटात मिळालेला नाही, धूर गिळून कमावलेला आहे. त्याचं एकेक कारण मी बोट ठेवून दाखवू शकते. उद्या त्याने वायरी जाळायचं थांबवलं तर राग कमी होईल की नाही हे मला माहीत नाही, पण निदान कशाने कमी होऊ शकेल एवढं तरी मला सांगता येतं.

आळीतल्या लोकांना मात्र माझा राग फार आवडला. येता-जाता कुणी ना कुणी कुंपणाशी थांबायचं. "बाय, ती लोकं अशीच." पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. मग विचारायला लागले, कोण लोकं? "अगो, युपीवाले. घान करायची आनि वर दात काढायचे." मी म्हणायचे, घाण हा करतो, दात हा काढतो, याचं बोला. ते मान हलवायचे आणि जाताना पुन्हा तेच म्हणायचे.

आमच्या आळीचं जुनं बावखल होतं. गोड्या पाण्याचं तळं, उन्हाळाभर वाडीला त्याच पाण्याचा आधार. त्यात इमारतीचा राडारोडा ओतून ते कुणी बुजवलं? माझ्या याच चुलतभावाने, जो दर रविवारी चर्चमध्ये गायनमंडळात पुढे उभा राहून गातो. आजूबाजूच्या विहिरी मचूळ झाल्या. माझी अर्धी मोगऱ्याची झाडं जळून गेली. तेव्हा कुंपणाशी थांबून "आपली वसईची ख्रिस्ती माणसं अशीच" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा तो एकटा वाईट होता. फार तर त्याची बायको त्याला भरीला घालते म्हणाले.

मला हे लवकर कळतं, कारण याच्या दुसऱ्या बाजूचा मार मी खाल्ला आहे. मुंबईत सरकारी कचेरीत नोकरी केली तेवढी वर्षं डिसेंबर आला की कुणीतरी हसत विचारायचं, "काय मग, तुमच्यात तर बायकासुद्धा घेतात ना?" मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. खालच्या मजल्यावरचा एक ख्रिस्ती शिपाई पिऊन यायचा. त्याला साहेबाने झापलं की सगळी खोली माझ्याकडे बघायची. तो माणूस मला स्वतःलाही आवडायचा नाही, पण त्याच्या बाटलीचा हिशेब माझ्याकडे का मागायचा?

आता खरी गोष्ट. माझ्या स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे, ती मी एका जोडप्याला दिली होती. नवरा छताच्या पीओपीचं काम करायचा, बायको घरात बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. दोघं त्या भंगारवाल्याच्याच जिल्ह्यातली. त्याच्याशी त्यांचं नातं नव्हतं, येणं-जाणंही नव्हतं. ती मला फार आवडायची असंही नाही. नळ चालू ठेवून मोबाइलवर बोलत बसायची आणि टाकी रिकामी करायची. मी ओरडले की "सॉरी आंटी" आणि उद्या पुन्हा तेच. पण तिला सातवा महिना होता. आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत, रिक्षातून धक्के खायचे नाहीत. माझी खोली तळमजल्याला आणि त्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. तिला ही खोली हवी होती ती एवढ्यासाठी.

मे महिन्यात आमच्याकडे आळीच्या क्रुसाजवळ रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. दर दिवशी एका घराची पाळी. त्या घराने क्रूस धुवायचा, माळा घालायच्या, मेणबत्त्या लावायच्या आणि प्रार्थना संपली की सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. चणे खाता खाता आळीचे विषय निघतात. गटार, दिवे, सणाची वर्गणी. तिथे हात वर करायची पद्धत नाही. एक जण बोलतो, बाकीचे चणे खातात, आणि कुणी आडवं बोललं नाही तर ते ठरलं. आणखी एक रीत आहे. ज्या घराची पाळी असेल त्याने त्या दिवशी वाद घालायचा नाही. तो यजमान. त्याने वाढायचं आणि गप्प राहायचं.

आळीतल्यांनी भाडेकरूंचा विषय काढला तो माझ्या पाळीच्या दिवशी. हा योगायोग होता असं मला आजही कुणी पटवू शकलेलं नाही.

मी पातेलं घेऊन चणे वाढत होते. चुलतभाऊ उठला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपल्या आळीत म्हाताऱ्या मानसाला श्वास घेता येत नाय. हिच्या आयची हालत बघा. त्या लोकांना खोल्या द्यायच्या बंद करा. जे हायेत त्यांना महिनाअखेर काढा." लोक माझ्याकडे बघून हळहळले. एका म्हातारीने माझ्या दंडावर हातसुद्धा ठेवला. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या वेळी जाताना कळली.

मी पातेलं क्रुसाच्या पायरीवर ठेवलं. "आईला धुराने त्रास होतो. धूर तुझ्या गाळ्यातून येतो. त्याला काढ."

"एका मानसाचा प्रश्न नाय हा."

"एकाच माणसाचा आहे. माझं भांडण एकाशी आहे, आणि मला वाटतं तुझ्याशीही आहे."

"गाळा म्हंजे खोली नाय," तो म्हणाला. "त्याचा करार झालाय. धंद्याची गोष्ट वेगळी."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. सगळ्यांनी मान डोलावली, जणू त्याने फार समजुतीची गोष्ट सांगितली होती. म्हणजे धूर करणारा राहणार आणि खडे चिकटवणारी जाणार. मी म्हटलं, "माझ्या भाडेकरणीने कुणाचं काय केलंय ते एकाने सांगा. एकाने." मागून कुणीतरी पुटपुटलं, "आज केलं नाय म्हनून काय झालं, ती पन त्यातलीच ना." कोण बोललं ते मला दिसलं. त्याची आई शेवटची आजारी होती तेव्हा तिला उचलून रिक्षात बसवणारा माझ्या भाडेकरणीचा नवरा होता. हे मी तिथे मोठ्याने सांगितलं. त्याने पुढचा चणा तोंडात टाकला.

मग मी पातेलं उचललं आणि ज्यांच्या हातात अजून चणे पडले नव्हते त्यांना न वाढता घरी निघून आले. तेव्हापासून आळीत जी काही चर्चा झाली ती या चण्यांची. हिने क्रुसाचे चणे परत नेले. गर्भार बाईला रस्त्यावर काढायचं ठरवणारे लोक चण्यांसाठी कानाला हात लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाडेकरणीच्या दारात जाऊन तिला सांगितलं, कुणी काहीही म्हणो, तू कुठे जायचं नाहीस, खोली माझी आहे. ती "हां आंटी" म्हणाली. मला वाटलं संपलं. खोली माझ्या नावावर, किल्ली माझ्याकडे, कोण काय करणार आहे?

त्यांनी मला काही केलंच नाही. ते तिच्याकडे गेले. कधी नळावर, कधी दुकानात, कधी सहज दारावरून जाताना. कुणी दम दिला नाही, कुणी शिवी दिली नाही. मला हे नंतर समजलं. एका सकाळी ती सामान बांधताना दिसली. भांड्यांची पोती, खड्यांचे डबे, गुंडाळलेली गादी. नालासोपाऱ्याला नवऱ्याच्या मित्राकडे खोली मिळाली होती. चौथा मजला. लिफ्ट नाही. सामान न्यायला भंगारवाल्याचाच टेम्पो आला होता आणि तो भाडं आगाऊ मागत उभा होता.

मी तिच्यावरच ओरडले. "पागल हो गई है क्या? डॉक्टरने क्या बोला था? मैंने बोला था ना, नहीं जाना है."

ती खाली बघून पोत्याला गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "सब बोलते हैं अम्मा को हम लोगों की वजह से दम लगता है. कल को अम्मा को कुछ हो गया तो हमारे सर पे आएगा, आंटी."

"किसने बोला? मैंने बोला कभी?"

"आपने कभी नहीं बोला," ती म्हणाली. "पर सब आपका ही नाम लेके बोलते थे."

तिला मी थांबवू शकले नाही. दोन्ही हातांनी पोट सावरत ती पुढच्या सीटवर चढली, तेव्हा भंगारवाल्याने तिला हातही दिला नाही. टेम्पो गल्लीतून धक्के खात गेला. मी चुलतभावाच्या दारात जाऊन म्हटलं, यापुढे माझ्या आईचं नाव तुझ्या तोंडात आलं तर क्रुसासमोर तुझ्या बावखलाचा विषय काढीन. तो म्हणाला, तुझ्या भल्यासाठीच केलं. त्याने दार लावून घेतलं.

संध्याकाळी त्याची बायको आली. वाईट नाही ती. लहानपणापासून ओळखते मी तिला, आईला लागेल तेव्हा रात्ररात्र बसली आहे. आईसाठी बोंबलाचं कालवण घेऊन आली होती. आईच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. तेवढ्यात मागे गाळ्यात जाळ झाला आणि धूर आत येऊ लागला. आईला खोकल्याची उबळ आली. मी मशीन जोडायला धावले.

चुलतभावाच्या बायकोने उठून खिडकी लावली, पदराने डोळे पुसले, आणि अगदी मनापासून, प्रेमाने मला म्हणाली, "आता बघ, आयला बरं वाटंल. ती गेली ना."