जामिनाची सही

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी आणि माझी मैत्रीण आष्ट्याच्या शाळेतून एकदमच मॅट्रिक झालो. तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गुण होते. गणित तर मी तिच्याच वहीवरून शिकले होते. दोघींनाही सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं, पण फी, वसतिगृह, खाणावळ हे आमच्या घरांना झेपणारं नव्हतं. हेडमास्तरांनी सरकारी कर्ज शिष्यवृत्तीचे फॉर्म आणून दिले. नोकरी लागल्यावर हप्त्यांनी फेडायचं; फक्त कायमची मिळकत असलेला जामीनदार हवा होता.

माझे वडील, अण्णा, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यांना पेन्शन होती. तिचे वडील दुसऱ्याच्या दुकानात शिलाई मशीनवर बसत. ते सगळ्या नातेवाइकांकडं जाऊन आले, पण सहीला कुणी तयार होईना.

एक दिवस ती आमच्या परसात आली. मी भांडी घासत होते. तीही बसून घासू लागली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "अण्णांना इचारशील का? एक पैसा बुडवणार न्हाई मी."

विचारते, असं मी म्हणाले आणि विचारलं नाही. एका माणसाला दोघींचा जामीन राहता येतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. येत नसेल तर अण्णा कुणाला निवडतील, याची भीती वाटली. त्यांना हुशार पोरांचं फार कौतुक. चार दिवसांनी मी तिला सांगितलं, अण्णा नको म्हणाले. तिनं गणिताच्या वह्या मला देऊन टाकल्या.

मी सांगलीला गेले. अर्थशास्त्राचे आमचे प्राध्यापक विलायतेत शिकून आलेले. तिथं पोरांची फी सरकारच भरतं आणि राहण्याखाण्यालाही देतं, असं त्यांनी एकदा वर्गात सांगितलं. सगळे हसले, कुणाला खरं वाटेना. मला मात्र वर्गात बसवेना.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरा विट्याकडचा, दूर मद्रासकडं सोनं गाळायच्या दुकानात कामाला. लग्नाहून परतताना अण्णा एसटीत म्हणाले, "एवढी हुशार पोर. तिनं फॉर्म का भरला न्हाई गं? मी केली असती की सही."

"दोघींना चालते?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? हेडमास्तरांनीच सांगितलं हुतं मला."



पुढं मी शिक्षिका झाले. पगारातून हप्ता कापला जायचा. एकदा ती सांगलीच्या एसटी स्टँडवर भेटली. कडेवर मूल होतं, फार वाळली होती. मी कोणत्या वर्गाला काय शिकवते, ते तिनं बारीकसारीक विचारून घेतलं. गाडी लागली तशी माझा हात धरून म्हणाली, "अण्णांवर माझा राग न्हाई, सांग त्यांना. परक्याच्या पोरीसाठी कोण सही करतंय?"

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. मी नुसती तिची पिशवी उचलून दिली. ती गाडीत चढली. तिचा निरोप मी अण्णांना कधीच दिला नाही. कसा देणार होते?